वैमानिकाचे अवधान आणि विमानाची उंची

राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीतून प्रवास करणाऱ्यांच्या नजरेस चालकाच्या आसनाजवळ रंगविलेली एक सूचना हमखास पडते. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये, अशी ती सूचना. शब्द अगदी साधे आहेत. परंतु त्यांच्यामागे फार मोठा अनुभव आहे. चालकाचे लक्ष क्षणभर जरी रस्त्यावरून ढळले तरी मागे बसलेल्या पन्नास-साठ जिवांचे काय होऊ शकते, हे घाटातून प्रवास केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही.

हीच सूचना विमानाच्या चालककक्षालाही लागू पडेल, असे मात्र अनेकांच्या मनात येत नाही. विमान म्हणजे यंत्रांचे आगर. तेथे स्वयंचलित साधने आहेत, धोक्याच्या घंटा आहेत, जमिनीवरून रडारची नजर आहे. मग वैमानिकाचे लक्ष थोडे इकडेतिकडे गेले तर काय बिघडते, अशी सर्वसाधारण समजूत असते. गेल्या काही दशकांतील अपघातांच्या चौकशी अहवालांनी ही समजूत खोटी ठरविली आहे. कोणतेही मोठे यंत्र न बिघडता, इंजिने उत्तम चालू असताना, अनुभवी वैमानिकांच्या हातून विमान ठरलेली उंची सोडून खाली आले आणि जमिनीवर आदळले, अशी उदाहरणे जगात घडली आहेत. त्यांतील एक उदाहरण वैमानिकांच्या प्रशिक्षणात आजही आवर्जून सांगितले जाते.

एका दिव्याची कथा

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र. अमेरिकेतील ईस्टर्न एअर लाइन्स या कंपनीचे ४०१ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून मायामीकडे निघाले होते. विमान लॉकहीड ट्रायस्टार जातीचे, जेमतेम चार महिन्यांपूर्वी ताफ्यात दाखल झालेले. आत १६३ प्रवासी व १३ कर्मचारी होते. मायामीजवळ आल्यावर उतरण्यासाठी चाके खाली सोडण्यात आली. चाके खाली येऊन पक्की बसली की चालककक्षात हिरवे दिवे लागतात. त्या रात्री पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही.

याचे अर्थ दोन संभवत होते. एक तर चाक खाली आलेले नव्हते, अथवा चाक आलेले होते व दिवाच गेलेला होता. वैमानिकांनी घाई न करता उतरणे रहित केले, ही गोष्ट योग्यच झाली. नियंत्रण कक्षाने त्यांना दोन हजार फुटांवर, म्हणजे सुमारे सहाशे मीटर उंचीवर, पश्चिमेकडे जाण्यास सांगितले. विमान त्या उंचीवर स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली करण्यात आले आणि दिव्याचा शोध सुरू झाला.

सहवैमानिकाने दिव्याची छोटी पेटी काढली. परत बसविताना ती अडकून बसली. मुख्य वैमानिक त्यात लक्ष घालू लागला. उड्डाण अभियंता चाक प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्यासाठी कक्षाच्या फरशीखालील यंत्रखणात उतरला. कक्षात प्रवास करीत असलेला कंपनीचा एक देखभाल तज्ज्ञही त्याच्या मदतीस गेला. चार माणसे एका दिव्याच्या मागे लागली. विमानाची उंची मात्र कोणीच पाहत नव्हते.

चौकशीतून जे निष्पन्न झाले ते असे. या धांदलीत मुख्य वैमानिकाचा सुकाणूदांड्यास नकळत धक्का लागला असावा. तेवढ्या दाबाने स्वयंचलित यंत्रणेचा उंची राखणारा भाग सुटला आणि विमान अतिशय मंद गतीने खाली येऊ लागले. उतार इतका सौम्य होता की शरीराला तो जाणवला नाही. खाली एव्हरग्लेड्सची निर्मनुष्य दलदल पसरलेली होती. अंधाऱ्या रात्री तेथे एकही दिवा दिसत नव्हता. ठरलेल्या उंचीपासून अडीचशे फूट ढळताच अभियंत्याच्या जागी एक सूचक ध्वनी वाजला. ध्वनिमुद्रणावर तो स्पष्ट ऐकू येतो. परंतु कक्षातील कोणाच्याही बोलण्यात त्याची दखल आढळत नाही.

मायामीच्या नियंत्रकाला रडारवर त्या विमानाची उंची नऊशे फूट दिसली. रडारवर उंचीचे आकडे काही वेळा क्षणभर चुकीचे दिसत असत. म्हणून त्याने उंचीचा उल्लेख न करता, तुमचे कसे काय चालले आहे, एवढेच विचारले. सर्व ठीक आहे, आम्ही परत वळतो, अशा आशयाचे उत्तर आले. वळण घेत असताना सहवैमानिकाच्या ध्यानात आले की उंचीत काही तरी गडबड झाली आहे. त्यानंतर अवघ्या काही सेकंदांत, रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी, विमान दलदलीत कोसळले. १०१ जण मृत्युमुखी पडले. ७५ जण वाचले. बेडूक पकडण्यासाठी रात्री दलदलीत आलेला एक स्थानिक इसम आपली होडी घेऊन सर्वांत आधी मदतीस धावला.

अवशेषांची तपासणी झाली तेव्हा पुढचे चाक खाली येऊन पक्के बसलेले आढळले. दिव्याच्या पेटीतील दोन्ही बल्ब जळालेले होते. सारा अनर्थ घडला तो जळालेल्या दोन बल्बांपायी.

उंची म्हणजे नेमके काय?

विमानाची उंची मोजली जाते ती मुख्यत्वे हवेच्या दाबावरून. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो, हे शाळेत शिकलेले तत्त्व येथे कामास येते. विमानातील उंचीमापक हा मूलतः वायुभारमापकच होय. फक्त त्याच्या तबकडीवर दाबाऐवजी फुटांचे आकडे असतात. समुद्रसपाटीच्या जवळपास दाबात एक मिलिबारचा फरक पडला की उंचीत सुमारे २७ ते ३० फुटांचा फरक पडतो.

परंतु एकाच ठिकाणचा वायुभार रोज सारखा राहत नाही. म्हणून उंचीमापकावर त्या त्या ठिकाणचा त्या वेळचा वायुभार लावून घ्यावा लागतो. उंच आकाशात सर्व विमाने १०१३ मिलिबार हा एकच प्रमाण आकडा लावतात. त्यामुळे सर्वांची मापे परस्परांशी जुळतात. खाली उतरू लागल्यावर मात्र विमानतळाने कळविलेला स्थानिक वायुभार लावावयाचा असतो. समजा, पावसाळ्यात एखाद्या ठिकाणचा वायुभार १००३ मिलिबार आहे आणि वैमानिक आकडा बदलावयास विसरला. तर विमान प्रत्यक्षात उंचीमापक दाखवितो त्यापेक्षा जवळजवळ तीनशे फूट खाली असेल. ढगांतून उतरताना तीनशे फूट ही काही लहान गोष्ट नव्हे.

हा आकडा बदलण्याची वेळ नेमकी तीच असते, जेव्हा वैमानिकाला इतरही अनेक कामे असतात. नियंत्रकाशी बोलणे, वेग कमी करणे, यादी वाचून एकेक साधन तपासणे, हवामान पाहणे, हे सारे त्याच काही मिनिटांत उरकावे लागते. त्यात कोणी मध्येच काही विचारले की हाती घेतलेले काम अर्धे राहते. आणि अर्धे राहिलेले काम पूर्ण झाले, अशी मनाची समजूत होऊन बसते.

आकड्यांच्या ऐकण्यातही चूक होते. दहा हजार आणि अकरा हजार हे इंग्रजीत उच्चारले जाणारे आकडे परस्परांत मिसळल्याच्या तक्रारी अमेरिकेतील वैमानिकांनी वारंवार नोंदविल्या आहेत. चढणारे विमान मिनिटाला दोन हजार फूट या गतीने वर जात असेल, तर एक हजार फूट ओलांडण्यास त्याला केवळ तीस सेकंद लागतात. दोन विमानांमध्ये राखले जाणारे उभे अंतर पुष्कळदा एक हजार फुटांचेच असते. म्हणजे अर्ध्या मिनिटाचे दुर्लक्ष हे सारे सुरक्षित अंतर गिळून टाकण्यास पुरेसे आहे.

आपल्या भूमीवरील धडे

७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नर परिसरातील एका डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मरण पावले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, अशा चुकीच्या समजुतीने विमान वेळेपूर्वीच सुरक्षित उंचीच्या खाली आणले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पावसाळ्याच्या काळोख्या रात्री सह्याद्रीचे कडे दिसत नाहीत. तेथे उंचीमापकावरील आकडा हाच वैमानिकाचा डोळा असतो.

१९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईहून अहमदाबादला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ११३ क्रमांकाचे बोइंग ७३७ विमान सकाळी उतरण्याच्या प्रयत्नात विमानतळाच्या अलीकडेच कोसळले. १३५ पैकी १३३ जणांना प्राण गमवावे लागले. त्या सकाळी धूसर हवेमुळे दृश्यता कमी होती. दोन्ही वैमानिक धावपट्टी दिसते का, हे पाहण्यात गुंतले आणि उंचीकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. येथे गप्पा नव्हत्या की बिघडलेला दिवाही नव्हता. जे काम दोघांनी वाटून घ्यावयाचे, ते दोघेही एकाच वेळी करू लागले, एवढेच घडले.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर आकाशात घडलेली टक्कर वाचकांच्या स्मरणात असेल. दिल्लीहून चढणाऱ्या सौदी अरेबियाच्या बोइंग ७४७ विमानास चौदा हजार फुटांपर्यंत, तर दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन विमानास पंधरा हजार फुटांपर्यंत येण्याची अनुज्ञा होती. कझाक विमान आपली मर्यादा ओलांडून खाली आले आणि दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण ठार झाले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटरकडे होते. परंतु त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला आकडे पाहावे लागत. सूचना ऐकणारा एक आणि उंची राखणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने नेमून दिलेली उंची सोडण्याच्या या चुकीवरच बोट ठेवले.

मन एका वेळी किती पाहते?

अनुभवी माणसांच्या हातून अशा चुका का व्हाव्यात? याचे उत्तर निष्काळजीपणा या एका शब्दात देऊन चालणार नाही. चुलीवर दूध तापत ठेवलेली गृहिणी दारावर पोस्टमन आला म्हणून उठते, पत्र घेते, दोन शब्द बोलते आणि दूध उतू जाते. ती गृहिणी बेफिकीर असते असे नव्हे. दूध स्थिर दिसत होते तोवर त्याकडे पाहण्यासारखे काही नव्हते. पत्र मात्र नवे होते. मानवी मन नव्याकडे, अडलेल्याकडे, न सुटलेल्या कोड्याकडे ओढ घेते. जे सुरळीत चालले आहे त्यावर सतत नजर ठेवणे मनाला फार जड जाते. शिवाय एखाद्या कोड्यात मन पूर्ण रमले की कानावर पडलेला ध्वनीही मनापर्यंत पोहोचत नाही. मायामीच्या विमानातील सूचक ध्वनीचे असेच झाले असावे.

यंत्रांनी ही अडचण सोपी केली, तशी एका परीने वाढविलीही. हाताने विमान चालविणारा वैमानिक उंचीकडे पाहिल्यावाचून राहूच शकत नाही. यंत्रणा उंची राखीत असली म्हणजे मात्र पाहण्याची सवय शिथिल होते.

काही दशकांतील उपाययोजना

या अपघातांतून पुढे जे नियम निघाले, त्यांतील सर्वांत ठळक नियम चालककक्षातील शांततेचा आहे. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे दाट धुक्यात उतरताना ईस्टर्न कंपनीचेच एक डीसी-९ विमान धावपट्टीपूर्वी कोसळले आणि ७२ जण मरण पावले. उतरण्यापूर्वीच्या काही मिनिटांत वैमानिकांच्या राजकारणावर आणि जुन्या मोटारींवर गप्पा चालल्या होत्या, हे ध्वनिमुद्रणावरून उघड झाले. १९८१ मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने नियम केला की, विमान जमिनीवर धावत असताना, उड्डाण करताना, उतरताना आणि दहा हजार फुटांखाली असताना सुरक्षिततेशी संबंध नसलेले कोणतेही काम अथवा संभाषण कक्षात होता कामा नये. जेवण, अवांतर वाचन, कार्यालयीन कागद भरणे, खाद्यपदार्थांच्या पुरवठ्याबाबत कंपनीशी बोलणे, एवढेच काय, प्रवाशांना खिडकीबाहेरील प्रेक्षणीय स्थळे दाखविणाऱ्या घोषणा करणे, हे सारे त्या काळात निषिद्ध ठरले. हे तत्त्व पुढे अनेक देशांनी स्वीकारले.

दुसरा उपाय कामाच्या वाटणीचा. आज दोन वैमानिकांपैकी एक विमान चालवितो आणि दुसरा देखरेख करतो. बिघाड उद्भवला तर प्रथम कोण विमान सांभाळील हे स्पष्ट उच्चारून ठरवावयाचे आणि मगच बिघाडाकडे वळावयाचे, अशी शिस्त आहे. नियंत्रकाने नवी उंची दिली की ती त्याला परत म्हणून दाखवावयाची, यंत्रात लावावयाची आणि दोघांनीही त्या आकड्याची खातरजमा करावयाची. ठरलेल्या उंचीला एक हजार फूट उरले की तसे मोठ्याने म्हणावयाचे. ही पद्धत बाहेरच्याला पाठांतरासारखी वाटेल. पण तिच्यामुळे नजर पुनःपुन्हा उंचीमापकाकडे वळते.

तिसरा उपाय सहकार्याच्या शिक्षणाचा. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड येथे युनायटेड कंपनीच्या डीसी-८ विमानात चाकांबाबत शंका निर्माण झाली. मुख्य वैमानिक तिच्यात जवळजवळ तासभर गुंतला आणि तेवढ्यात इंधन संपले. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांनी सुचविले होते. पण ते पुरेशा ठामपणे सांगितले गेले नाही. १० जण मरण पावले. त्यानंतर कनिष्ठाने निःसंकोचपणे बोलावे आणि वरिष्ठाने ते ऐकून घ्यावे, याचे पद्धतशीर प्रशिक्षण विमान कंपन्यांत सुरू झाले. वडीलधाऱ्यांपुढे न बोलणे ही आपल्याकडे सभ्यता मानली जाते. चालककक्षात मात्र असे मौन घातक ठरू शकते.

चौथा उपाय यंत्रांचा. जमीन जवळ येत असल्याचा बोलका इशारा देणारी यंत्रणा मोठ्या विमानांत बसविण्याची सक्ती अमेरिकेत १९७४ च्या अखेरीस जाहीर झाली. पुढे तिच्या सुधारित रूपात डोंगर-दऱ्यांचा नकाशाच साठविण्यात आला, त्यामुळे समोरचा कडा आता बराच आधी कळतो. समोरून येणाऱ्या विमानाचा इशारा देऊन वर अथवा खाली जाण्यास सांगणारे यंत्रही आले. चरखी दादरीच्या घटनेनंतर भारतात ते अनिवार्य करण्यात आले. दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले.

पाचवा उपाय कबुलीचा. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिक व नियंत्रक आपल्या चुका नासा या संस्थेकडे गोपनीयरीत्या कळवू शकतात. अपघात न होता निभावलेल्या चुकांची अशी नोंद हाती आल्यामुळेच उंची चुकण्याची कारणे तपशिलाने समजू शकली. शिक्षेच्या भीतीने लपलेली चूक कोणालाच शहाणे करीत नाही.

प्रवाशांचा व नागरिकांचा वाटा

हे सारे वैमानिकांचे कर्तव्य झाले. प्रवाशांचा यात काही संबंध आहे काय? निश्चितच आहे. उड्डाण व अवतरण या काळात परिचारिका आपल्या जागी पट्टा बांधून बसतात आणि तातडीचे कारण असल्याशिवाय चालककक्षाशी संपर्क साधीत नाहीत. अशा वेळी उठून उभे राहणारा, सामान काढणारा किंवा हुज्जत घालणारा प्रवासी ही गडबड कक्षापर्यंत पोहोचविण्यास कारण होऊ शकतो. मात्र धूर, आग, ठिणग्या अशी धोक्याची गोष्ट दिसल्यास ती परिचारिकेस तत्काळ सांगावी. शांततेचा नियम अशा माहितीस कधीच आडकाठी करीत नाही.

विमानतळाभोवती राहणाऱ्या नागरिकांवरही जबाबदारी आहे. उतरणाऱ्या विमानावर गंमत म्हणून रोखलेला लेसरचा झोत वैमानिकाचे डोळे दिपवितो, आणि तेही त्याला उंचीकडे सर्वाधिक लक्ष द्यावयाचे असते अशा घटकेस. मुंबई विमानतळाच्या परिसरात लेसर आणि उडते कंदील यांवर पोलिसांकडून मनाई आदेश काढले जातात, ते याच कारणास्तव. सणासुदीच्या दिवसांत आपल्या मुलांना हे कारण समजावून सांगितले, तर आदेशापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

मायामीच्या त्या विमानात कोणाही एकाने आपली नजर उंचीमापकावर खिळवून ठेवली असती, तर बाकीच्यांनी खुशाल तासभर त्या दिव्याशी झटापट केली असती तरी चालले असते. बिघाड दुरुस्त करणे महत्त्वाचे आहेच. पण तो दुरुस्त होईपर्यंत गाडी कोण चालवीत आहे, हे आधी ठरवावे लागते. एस. टी. गाडीतील ती साधी सूचना हेच सांगत असते. पुढच्या प्रवासात ती दृष्टीस पडेल तेव्हा वाचकांनी ती केवळ वाचू नये, पाळावीही.